प्रतिपिंडनिर्मितीसाठी पेप्टाइड संश्लेषण

प्रतिपिंडनिर्मितीसाठी पेप्टाइड संश्लेषण ही एखाद्या प्रथिनातील निवडक तुकडा प्रयोगशाळेत रासायनिक रीतीने तयार करून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड मिळवण्याची पद्धत आहे. असा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, बहुधा १० ते २० अमिनो आम्लांचा असतो. तो रेझीनच्या सूक्ष्म मण्यांवर एकेक अमिनो आम्ल जोडत वाढवला जातो, नंतर मण्यांपासून सोडवला जातो आणि मोठ्या वाहक प्रथिनाला जोडून प्राण्याला टोचला जातो. प्राण्याच्या रक्तात निर्माण होणारे प्रतिपिंड केवळ त्या पेप्टाइडलाच नव्हे, तर ज्या मूळ प्रथिनातून पेप्टाइडचा क्रम घेतला त्या प्रथिनालाही ओळखू शकतात. मूळ प्रथिन शुद्ध स्वरूपात हाती नसतानाही, केवळ जनुकाच्या क्रमावरून त्याचा शोध घेता येणे हे या पद्धतीचे मुख्य वैशिष्ट्य होय.

रेझीनवर पेप्टाइड तयार करण्याच्या तंत्राला घन प्रावस्था पेप्टाइड संश्लेषण असे म्हणतात. ते अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ ब्रूस मेरीफील्ड यांनी विकसित केले. त्याबद्दल त्यांना १९८४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पार्श्वभूमी

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. एका अमिनो आम्लाचा कार्बॉक्सिल गट दुसऱ्याच्या अमिनो गटाशी पाण्याचा रेणू गमावून जोडला जातो व पेप्टाइड बंध तयार होतो. त्यामुळे प्रत्येक साखळीला एक मुक्त अमिनो टोक आणि एक मुक्त कार्बॉक्सिल टोक असते. दोन भिन्न अमिनो आम्ले नुसती एकत्र केली आणि त्यांचे कार्बॉक्सिल गट सक्रिय केले, तर चार प्रकारच्या जोड्या व त्याहून लांब साखळ्या यांचे मिश्रण मिळते. हव्या त्या क्रमाची एकच साखळी मिळवण्यासाठी नको असलेले गट तात्पुरते झाकावे लागतात. हे काम करणाऱ्या रासायनिक गटांना रक्षक गट म्हणतात.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १९०१ मध्ये ग्लायसिलग्लायसीन हे दोन घटकांचे पेप्टाइड तयार केले. मॅक्स बर्गमन व लेओनिडास झेर्वास यांनी १९३२ मध्ये सौम्य परिस्थितीत काढता येणारा रक्षक गट शोधला. १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ऑक्सिटोसीन या नऊ घटकांच्या संप्रेरकाचे संश्लेषण केले. १९५५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. मात्र ही सर्व संश्लेषणे द्रावणात होत. प्रत्येक जोडणीनंतर मधले संयुग वेगळे काढून शुद्ध करावे लागे. साखळी वाढत जाई तशी तिची विद्राव्यता घटे आणि प्रत्येक शुद्धीकरणात काही भाग वाया जाई. एका पेप्टाइडसाठी कुशल रसायनशास्त्रज्ञाचे अनेक महिने खर्ची पडत.

इतिहास

न्यू यॉर्क येथील रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या मेरीफील्ड यांना १९५९ मध्ये वेगळी कल्पना सुचली. साखळीचे एक टोक अविद्राव्य घन पदार्थाला पक्के बांधावे, म्हणजे उरलेली अभिकारके नुसती धुऊन व गाळून टाकता येतील आणि मधली शुद्धीकरणे लागणारच नाहीत, असा त्यांचा विचार होता. योग्य आधारद्रव्य, बंध व अभिकारके शोधण्यात काही वर्षे गेली. १९६३ मध्ये त्यांनी ल्युसीन, अ‍ॅलानीन, ग्लायसीन व व्हॅलीन या चार घटकांच्या पेप्टाइडचे संश्लेषण प्रसिद्ध केले. त्यानंतर हे काम आपोआप करणारे यंत्रही त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले. १९६९ मध्ये बर्न्ड गुट्टे यांच्यासह त्यांनी रायबोन्यूक्लिएज-अ हे १२४ घटकांचे विकर या रीतीने तयार केले. त्यासाठी ३६९ रासायनिक अभिक्रिया व यंत्राचे ११,९३१ टप्पे पार पडले.

प्रतिपिंडांच्या बाजूनेही याच काळात पायाभरणी होत होती. लहान रेणू एकटा टोचला तर प्रतिपिंड निर्माण होत नाहीत, परंतु तो मोठ्या प्रथिनाला जोडून टोचल्यास होतात, हे कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवले होते. अशा लहान रेणूला हॅप्टेन म्हणतात. जर्मनीतील आल्फ्रेड आंडेरर यांनी १९६३ मध्ये तंबाखूवरील मोझेक विषाणूच्या प्रथिनाच्या टोकाकडील सहा घटकांचे पेप्टाइड वाहक प्रथिनाला जोडून विषाणूला ओळखणारे प्रतिपिंड मिळवले. १९७१ मध्ये इस्रायलमधील रूथ अर्नन व मायकेल सेला यांनी सहकाऱ्यांसह लायसोझाइम या विकरातील वळशाचा भाग संश्लेषित केला. त्याविरुद्धचे प्रतिपिंड नैसर्गिक लायसोझाइमशी जुळतात, हे त्यांनी सिद्ध केले.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस डीएनएचा क्रम वाचण्याची तंत्रे उपलब्ध झाली आणि या पद्धतीचे महत्त्व एकाएकी वाढले. जनुकाचा क्रम कळला की प्रथिनाचा क्रम कागदावर मांडता येई, पण ते प्रथिन पेशीत खरोखर तयार होते का, हे सांगता येत नसे. १९८० मध्ये अमेरिकेत दोन गटांनी या प्रश्नाला उत्तर दिले. गेर्नोट वॉल्टर व सहकाऱ्यांनी एसव्ही-४० या विषाणूच्या प्रथिनाच्या दोन्ही टोकांविरुद्ध प्रतिपिंड मिळवले. ग्रेगर सटक्लिफ, रिचर्ड लर्नर व सहकाऱ्यांनी उंदरांमधील रक्तकर्कजन्य विषाणूच्या जनुकक्रमावरून पेप्टाइड तयार करून तोवर न दिसलेले प्रथिन शोधून काढले.

तत्त्व

पेशीतील रायबोसोम अमिनो टोकाकडून कार्बॉक्सिल टोकाकडे साखळी वाढवतो. रेझीनवरील संश्लेषण याच्या उलट दिशेने चालते. शेवटचे अमिनो आम्ल आपल्या कार्बॉक्सिल टोकाने रेझीनला जोडले जाते आणि पुढची अमिनो आम्ले एकामागून एक त्याच्या अमिनो टोकावर चढवली जातात. या दिशेने काम केल्यास अमिनो आम्लाचे वामरूप बदलून दक्षिणरूप होण्याचा धोका कमी राहतो. प्रतिपिंडाला रेणूचा आकार ओळखायचा असल्याने ही बाब महत्त्वाची ठरते.

रेझीन. सर्वाधिक वापरले जाणारे रेझीन म्हणजे सुमारे १ टक्का डायव्हिनाइलबेंझिनने आडवे जोडलेले पॉलिस्टायरीन. त्याचे मणी कोरडे असताना साधारण ७५ ते १५० मायक्रोमीटर व्यासाचे असतात. डायक्लोरोमिथेन किंवा डायमिथाइलफॉर्मामाइड अशा विद्रावकांत ते फुगतात व अभिकारके त्यांच्या आत शिरतात. साखळ्या मण्याच्या केवळ पृष्ठभागावर नव्हे, तर बहुतांशी त्याच्या अंतर्भागात वाढतात. एका ग्रॅम रेझीनवर सामान्यतः ०.२ ते ०.८ मिलिमोल साखळ्या बसतात. या हिशेबाने एका मण्यावरील साखळ्यांची संख्या शंभर लाख कोटींच्या घरात जाते. लांब अथवा एकमेकींना चिकटणाऱ्या साखळ्यांसाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉल जोडलेली रेझिने सोयीची पडतात.

दुवा. साखळी व रेझीन यांच्यामधील दुवा संश्लेषणभर टिकला पाहिजे आणि शेवटी सहज तुटला पाहिजे. वांग रेझीनपासून मुक्त कार्बॉक्सिल टोक असलेले पेप्टाइड मिळते, तर रिंक अमाइड रेझीनपासून अमाइड टोक असलेले. प्रथिनाच्या मधल्या भागातून घेतलेल्या पेप्टाइडसाठी अमाइड टोक पसंत केले जाते, कारण मूळ प्रथिनात त्या जागी ऋणभार नसतो.

रक्षक गट. मेरीफील्ड यांच्या पद्धतीत अमिनो गटावर बॉक हा आम्लाने निघणारा रक्षक गट असे आणि शेवटी पेप्टाइड सोडवण्यासाठी हायड्रोजन फ्लोराइड हे अत्यंत घातक द्रव्य वापरावे लागे. लुई कार्पिनो व ग्रेस हान यांनी १९७० च्या सुमारास एफमॉक हा अल्कलीने निघणारा गट शोधला. १९७८ पासून केंब्रिज येथील रॉबर्ट शेपर्ड व एरिक अॅथर्टन यांच्यासह अन्य संशोधकांनी तो घन प्रावस्था संश्लेषणात आणला. यात अमिनो गटाचे रक्षण अल्कलीने, तर बाजूच्या साखळ्यांचे रक्षण व रेझीनचा दुवा आम्लाने निघतो. दोन्ही कामे एकमेकांत मिसळत नाहीत. प्रतिपिंडांसाठीची बहुतेक पेप्टाइडे आता एफमॉक पद्धतीने केली जातात.

कार्यपद्धती

एफमॉक पद्धतीतील एका फेरीचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात :

१. रेझीन विद्रावकात फुगवणे. हा टप्पा आरंभी एकदाच करावा लागतो.
२. डायमिथाइलफॉर्मामाइडमधील सुमारे २० टक्के पायपेरिडीनने एफमॉक गट काढणे.
३. रेझीन वारंवार धुऊन पायपेरिडीन पूर्णपणे घालवणे. ते मागे राहिल्यास पुढच्या अमिनो आम्लाचा रक्षक गट वेळेआधीच निघतो.
४. पुढील अमिनो आम्ल सक्रिय करून रेझीनवर अनेक पट अधिक प्रमाणात सोडणे. सक्रियणासाठी डायआयसोप्रोपिलकार्बोडायइमाइड, एचबीटीयू, एचएटीयू यांसारखी अभिकारके वापरतात.
५. पुन्हा धुणे आणि जोडणी पूर्ण झाल्याची तपासणी करणे.

तपासणीसाठी १९७० मध्ये एमिल कायझर व सहकाऱ्यांनी सुचवलेली निनहायड्रीन चाचणी प्रचलित आहे. काही मणी काढून अभिकारकासह तापवल्यास मुक्त अमिनो गट शिल्लक असेल तर निळा रंग येतो. जोडणी पूर्ण झाली असेल तर मणी पिवळसर राहतात. प्रोलीनचा अमिनो गट वेगळ्या प्रकारचा असल्याने तेथे ही चाचणी विश्वासार्ह ठरत नाही. जोडणी अपुरी आढळल्यास ती पुन्हा केली जाते किंवा उरलेल्या साखळ्या अॅसेटिक अॅनहायड्राइडने कायमच्या बंद केल्या जातात. बंद केलेली आखूड साखळी नंतर वेगळी काढणे सोपे असते. तशीच सोडलेली साखळी मात्र पुढे वाढते आणि मधला एकच घटक गाळलेले, मूळ पेप्टाइडसारखेच दिसणारे अपद्रव्य बनते.

साखळी पूर्ण झाली की ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्लाने पेप्टाइड रेझीनपासून सोडवले जाते. त्याच वेळी बाजूच्या साखळ्यांचे रक्षक गटही निघतात. हे सुटलेले गट अतिशय क्रियाशील असून ट्रिप्टोफॅन, मेथिओनीन, सिस्टीन यांना चिकटू शकतात. म्हणून त्यांना टिपून घेणारी ट्रायआयसोप्रोपिलसिलेन, पाणी, थायॉल यांसारखी द्रव्ये मिश्रणात घालतात. मणी गाळून वेगळे केल्यावर थंड इथरमध्ये पेप्टाइडचा साका बसतो. तो उच्च कार्यक्षमतेच्या द्रव वर्णलेखनाने शुद्ध केला जातो आणि द्रव्यमान वर्णपटमापनाने त्याच्या रेणुभाराची खात्री केली जाते.

उताऱ्याचे गणित. मधली शुद्धीकरणे नसल्याने प्रत्येक फेरीतील लहानशी उणीव साठत जाते. प्रत्येक जोडणी ९९ टक्के पूर्ण होत असेल, तर १४ जोडण्यांनंतर, म्हणजे १५ घटकांच्या पेप्टाइडमध्ये, सुमारे ८७ टक्के साखळ्या अचूक असतात. तेच प्रमाण ९५ टक्के असेल, तर केवळ ४९ टक्के साखळ्या अचूक उरतात. ३० घटकांच्या पेप्टाइडसाठी हे आकडे अनुक्रमे ७५ व २३ टक्के असे येतात. प्रतिपिंडांसाठी आखूड पेप्टाइडे निवडण्यामागे हेही एक कारण आहे.

पेप्टाइडची निवड

प्रतिपिंड प्रथिनाच्या ज्या भागाला चिकटतो त्याला एपिटोप म्हणतात. बहुतेक नैसर्गिक एपिटोप सलग नसतात. साखळीत दूर असलेले, पण घडीमुळे जवळ आलेले घटक मिळून ते बनतात. सरळ पेप्टाइड असा एपिटोप दाखवू शकत नाही. म्हणून प्रथिनाचा असा भाग शोधावा लागतो जो पृष्ठभागावर आहे, लवचीक आहे आणि एकटा असतानाही साधारण तसाच आकार घेऊ शकतो. प्रथिनाची दोन्ही टोके बहुधा उघडी व लवचीक असल्याने ती प्रथम विचारात घेतली जातात. थॉमस हॉप व केनेथ वुड्स यांनी १९८१ मध्ये जलस्नेही भाग शोधण्याची गणनपद्धत मांडली. आता प्रथिनाची त्रिमितीय रचना किंवा तिचे संगणकीय भाकीतही पाहिले जाते.

निवड करताना इतर बाबीही तपासल्या जातात. शर्करा जोडल्या जाणाऱ्या जागा टाळतात, कारण पेशीतील प्रथिनात तो भाग शर्करेने झाकलेला असतो. पेप्टाइडच्या आरंभी ग्लुटामीन असल्यास ते वलयाकार होते. अॅस्पार्टिक आम्लानंतर ग्लायसीन आल्यास संश्लेषणात अनिष्ट अभिक्रिया घडते. तोच क्रम अन्य प्रथिनांत आढळतो का, याचा शोध क्रमसंग्रहांत घेतला जातो. ही पायरी वगळल्यास प्रतिपिंड भलत्याच प्रथिनाला चिकटण्याची शक्यता राहते. याउलट टोचल्या जाणाऱ्या प्राण्याच्या स्वतःच्या प्रथिनात तोच क्रम असेल, तर त्याची प्रतिरक्षा संस्था त्याला परके मानत नाही व प्रतिसाद क्षीण येतो.

वाहक प्रथिनाशी जोडणी

पेप्टाइड बी-पेशीला ओळखता आले तरी तेवढ्याने भरपूर प्रतिपिंड निर्माण होत नाहीत. त्यासाठी मदतनीस टी-पेशींची साथ लागते आणि ती मिळण्यास आवश्यक असे तुकडे मोठ्या वाहक प्रथिनातून येतात. यासाठी कीहोल लिंपेट या सागरी गोगलगायवर्गीय प्राण्याच्या रक्तातील हीमोसायनीन सर्वाधिक वापरले जाते. सस्तन प्राण्यांच्या प्रथिनांशी त्याचे साम्य फार कमी असल्याने प्रतिसाद तीव्र मिळतो. गाईच्या रक्तातील अल्ब्युमीन व अंड्यातील ओव्हाल्ब्युमीन हे अन्य पर्याय आहेत.

जोडणीसाठी पेप्टाइडच्या एका टोकाला मुद्दाम एक सिस्टीन बसवतात. त्याच्या गंधकयुक्त गटामार्फत मॅलेइमाइड प्रकारच्या अभिकारकाने पेप्टाइड वाहकाला ठरावीक दिशेने जोडले जाते. प्रथिनाच्या कार्बॉक्सिल टोकाचे पेप्टाइड असेल तर सिस्टीन अमिनो टोकाला ठेवतात, म्हणजे प्रथिनात जे टोक मोकळे असते तेच येथेही मोकळे राहते. ग्लुटारल्डिहाइडनेही जोडणी होते, परंतु ते लायसिनांना हवे तसे जोडत असल्याने महत्त्वाचा भाग झाकला जाण्याची भीती असते.

रॉकफेलर विद्यापीठातील जेम्स टॅम यांनी १९८८ मध्ये वाहकाशिवायचा मार्ग सुचवला. लायसीनला दोन अमिनो गट असल्याने रेझीनवरच लायसिनांचे फांद्यांसारखे केंद्र बांधता येते आणि त्याच्या चार किंवा आठ टोकांवर पेप्टाइडच्या प्रती एकाच वेळी वाढवता येतात. अशा रेणूला बहुप्रतिजनी पेप्टाइड म्हणतात. यात टी-पेशींना जागृत करणारा क्रम मात्र पेप्टाइडमध्येच असावा लागतो किंवा वेगळा जोडावा लागतो.

प्रतिपिंड मिळवणे व तपासणे

बहुक्लोनी प्रतिपिंडांसाठी सशांचा वापर सर्वाधिक होतो. पहिली मात्रा फ्रॉइंडच्या पूर्ण सहायक द्रव्यासह व पुढील मात्रा अपूर्ण सहायक द्रव्यासह काही आठवड्यांच्या अंतराने देण्याची रीत आहे. पहिल्या मात्रेपूर्वी काढलेला रक्तरस तुलनेसाठी राखून ठेवला जातो. एकक्लोनी प्रतिपिंडांसाठी गेओर्ग कोहलर व सीझर मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये मांडलेले संकरपेशी तंत्र वापरतात. भारतात अशा प्रयोगांना प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० खालील नियम लागू होतात आणि संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची संमती घ्यावी लागते.

रक्तरसात वाहक प्रथिनाविरुद्ध व जोडणाऱ्या दुव्याविरुद्धही भरपूर प्रतिपिंड असतात. म्हणून एलायझा चाचणीत मुक्त पेप्टाइड किंवा वेगळ्या वाहकाला वेगळ्या रीतीने जोडलेले पेप्टाइड वापरावे लागते. त्यानंतर पेप्टाइड अॅगरोजच्या मण्यांवर बांधून स्तंभ तयार करतात. रक्तरस त्यातून सोडला की केवळ पेप्टाइडला ओळखणारे प्रतिपिंड मण्यांना धरून राहतात व आम्लयुक्त द्रावणाने ते सोडवले जातात.

पेप्टाइडशी जुळणे म्हणजे प्रथिनाशी जुळणे नव्हे. त्यामुळे प्रतिपिंडाची अंतिम परीक्षा मूळ प्रथिनावरच करावी लागते. ते जनुक काढून टाकलेल्या पेशींत संकेत नाहीसा होतो का, हे पाहणे ही त्यातील सर्वांत निर्णायक कसोटी मानली जाते. मुक्त पेप्टाइड मिसळल्यावर संकेत थांबणे एवढ्याने विशिष्टता सिद्ध होत नाही, कारण तोच प्रतिपिंड दुसऱ्या प्रथिनाला धरत असेल तरीही पेप्टाइडमुळे तो अडवला जातोच.

उपयोग

• नव्याने शोधलेल्या जनुकांच्या प्रथिनांचा पेशींतील ठावठिकाणा व प्रमाण शोधणे.
• प्रथिनातील एखाद्याच घटकावर फॉस्फेट जोडलेले आहे की नाही हे ओळखणे. यासाठी फॉस्फेटयुक्त पेप्टाइड टोचतात आणि फॉस्फेट नसलेल्या पेप्टाइडच्या स्तंभातून रक्तरस नेऊन नको असलेले प्रतिपिंड काढून टाकतात. मूळ प्रथिन शुद्ध करून अशी अचूकता साधणे अवघड असते.
• एपिटोपांचे नकाशे तयार करणे. ऑस्ट्रेलियातील मारिओ गेसेन व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये लाळ्या खुरकूत रोगाच्या विषाणूतील २१३ घटकांच्या प्रथिनावरून, एकेक घटक पुढे सरकत, सहा घटकांची २०८ पेप्टाइडे प्लास्टिकच्या काड्यांवर तयार केली आणि प्रतिपिंड नेमके कोठे चिकटतात हे दाखवले. १९८५ मध्ये रिचर्ड हॉटन यांनी रेझीन चहाच्या पुडीसारख्या जाळीदार पिशव्यांत भरून २४८ पेप्टाइडे एकाच वेळी तयार केली.
• ओळखखुणा. इन्फ्लुएंझा विषाणूच्या हीमअॅग्लुटिनीन प्रथिनातील ९८ ते १०६ हे नऊ घटक आता कोणत्याही प्रथिनाला खूण म्हणून जोडले जातात व त्याविरुद्धच्या प्रतिपिंडाने ते प्रथिन शोधले जाते.
• लसींचे संशोधन. १९८२ मध्ये लाळ्या खुरकूत विषाणूच्या २० घटकांच्या पेप्टाइडने गिनीपिगांना संरक्षण मिळाल्याचे दिसले. गुरांमध्ये मात्र ते तितके भरवशाचे ठरले नाही.

मर्यादा

पेप्टाइडविरोधी प्रतिपिंड उकळून उलगडलेल्या प्रथिनाला सहसा चांगले ओळखतात, परंतु घडी घातलेल्या नैसर्गिक प्रथिनाला ओळखतीलच असे नाही. म्हणून वेस्टर्न ब्लॉटमध्ये उत्तम चालणारा प्रतिपिंड ऊतीच्या कापात निरुपयोगी ठरू शकतो. एकाच प्रथिनासाठी दोन-तीन वेगळी पेप्टाइडे घेण्याची प्रथा यातूनच पडली.

पेप्टाइडच्या शुद्धतेचाही परिणाम होतो. टोचण्यासाठी सामान्यतः ७० ते ८५ टक्के शुद्धता पुरेशी मानतात. मात्र न निघालेले रक्षक गट अंशमात्र असले तरी त्यांच्याविरुद्धच प्रतिपिंड निर्माण होऊ शकतात. बहुक्लोनी प्रतिपिंडांचा साठा प्राण्यागणिक बदलतो आणि तो संपल्यावर तंतोतंत तसाच पुन्हा मिळत नाही. अपुऱ्या तपासणीच्या प्रतिपिंडांवर आधारलेले निष्कर्ष पुढे चुकीचे ठरल्याची उदाहरणे जीवविज्ञानात आहेत. त्यामुळे पेप्टाइडचा क्रम, वाहक, प्राणी व तपासणीची रीत यांची नोंद शोधनिबंधात देण्याचा आग्रह वाढला आहे.

सुरक्षितता व पर्यावरण

ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्ल त्वचा व श्वसनमार्ग भाजून काढते. कार्बोडायइमाइडांमुळे त्वचेची अधिहर्षता उद्भवू शकते. कोरडे हायड्रॉक्सीबेंझोट्रायअझोल स्फोटक असल्याने त्याऐवजी ऑक्झिमा हे द्रव्य अनेक ठिकाणी वापरले जाते. प्रत्येक फेरीतील धुलाईमुळे काही मिलिग्रॅम पेप्टाइडमागे मोठ्या प्रमाणावर टाकाऊ विद्रावक साचतो. डायमिथाइलफॉर्मामाइड प्रजननक्षमतेस अपायकारक असून युरोपीय संघाने त्याच्या वापरावर निर्बंध घातले आहेत. कमी घातक विद्रावक व कमी धुलाईच्या पद्धती शोधण्याचे काम चालू आहे.

हे सुद्धा पहा

• अमिनो आम्ल
• प्रथिन
• प्रतिपिंड
• प्रतिजन
• एलायझा
• लाळ्या खुरकूत